विमान नवं, सांगाडा जुनाच!

मोठ्या विमान कंपन्या कोरं करकरीत विमान क्वचितच बनवतात. बहुतेक वेळा असलेलंच विमान ताणतात, आखडतात, त्याचं इंजिन बदलतात. ऐकायला हे सोपं वाटतं. पण यातच इंजिनीअरचं खरं डोकं लागतं, आणि हिशोब चुकला तर माणसं जातात.

१६ एप्रिल २०२५. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. वाशिम-रिसोड रस्त्यावरच्या रिठदसारख्या गावातल्या पोरापोरींसाठी विमानतळ म्हणजे आजवर नागपूर, नाहीतर नांदेड. आता आपल्या विभागाच्या ठिकाणीच विमान उतरायला लागलं. पंख्याचं का असेना, पण विमान! अलायन्स एअरचं एटीआर-७२.

त्या नावातला ७२ हा आकडा जरा बघा. या ७२ च्या आधी एक ४२ होतं. एटीआर-४२ हे विमान १९८४ मध्ये पहिल्यांदा उडालं. कंपनीनं मग त्याचंच धड साडेचार मीटरनं लांबवलं, पंख मोठे केले आणि १९८८ मध्ये एटीआर-७२ हवेत गेलं. म्हणजे बेलोऱ्याला उतरलेलं विमान हे मुळात एका लहान विमानाचं ताणलेलं व्हेरियंट आहे.

आणि हे काही एकट्या एटीआरचं नाही. नागपूरला उतरणारं इंडिगोचं ए-३२१ हे ए-३२० ची लांब आवृत्ती. एअर इंडियाचं बोईंग ७८७-९ हे ७८७-८ ची लांब आवृत्ती. अकासा एअरकडं सगळी विमानं ७३७ मॅक्स, म्हणजे १९६७ साली पहिल्यांदा उडालेल्या ७३७ चीच आजची पिढी. बाईकचं कसं, १०० सीसीचं मॉडेल चाललं की १२५ येतं, मग डिस्क ब्रेकवालं येतं, तसंच. फरक एवढाच की बाईक बंद पडली तर ढकलत नेता येते.

कोरा कागद का घेत नाहीत?

आपली एसटी घ्या. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कार्यशाळांमध्ये कंपनीकडून आलेल्या चेसिसवर बस बांधली जाते. चेसिस, इंजिन, ब्रेक कंपनीचे. वरची बॉडी वेगवेगळी. ड्रायव्हरला नव्यानं गाडी शिकावी लागत नाही, डेपोतल्या मेकॅनिकला पार्ट ओळखीचे असतात.

विमानाचं गणितही तसंच, फक्त आकडे फार मोठे. अगदी नवं विमान बनवायचं म्हणजे अब्जावधी डॉलर आणि सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त. त्यात प्रत्येक देशाच्या हवाई नियामकाकडून सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मिळवायचं. अमेरिकेत ते काम एफएए करतं, युरोपात इआसा, आपल्याकडं डीजीसीए. व्हेरियंट काढलं तर जुन्या प्रमाणपत्रात दुरुस्ती करून घेता येते. जे बदललंय ते आणि त्या बदलाचा परिणाम जिथं जिथं होतो ते, एवढंच नव्यानं सिद्ध करायचं.

दुसरा मुद्दा पायलटचा. मोठं विमान उडवायला त्या प्रकाराचं वेगळं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. ए-३१८, ए-३१९, ए-३२०, ए-३२१ या चारही भावंडांचं कॉकपिट सारखं आहे. त्यामुळं एकच पायलट चारही उडवू शकतो. सकाळी लहान, संध्याकाळी मोठं. विमान कंपनीला हे फार परवडतं. इंडिगोनं जून २०२३ मध्ये एका झटक्यात याच कुटुंबातल्या ५०० विमानांची ऑर्डर दिली, त्यामागं हेही एक कारण आहे.

आता बघू, एका विमानातून दुसरं विमान काढतात कसं.

ताणणं: बैलगाडी उलाळ व्हायला नको

सगळ्यात जास्त वापरलेली युक्ती म्हणजे धड लांब करणं. विमानाचं धड म्हणजे एक लांब नळी. तिच्यात मध्येच नवे कडे बसवायचे. पण कुठं? सगळे कडे पंखांच्या मागं घातले तर काय होईल? बैलगाडीत सगळी पोती मागं टाकली की जे होतं तेच. गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. विमानाचा वजनाचा मध्य पंखांच्या जवळपास ठरावीक पट्ट्यातच राहावा लागतो. म्हणून थोडी लांबी पंखांच्या पुढं वाढवतात, थोडी मागं.

बोईंग ७८७ चं उदाहरण घ्या. ७८७-८ ची लांबी ५६.७ मीटर. ७८७-९ ची ६२.८. ७८७-१० ची ६८.३. तिघांच्या पंखांचा विस्तार मात्र सारखाच, ६०.१ मीटर. सर्वात लांब १० नंबरमध्ये माणसं जास्त बसतात, पण ७८७-९ आणि ७८७-१० या दोघांचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन जवळपास सारखंच, २५४ टनांच्या आसपास ठेवलेलं आहे. आता विचार करा. वजनाची मर्यादा तीच, पण धड लांब झालं, सीटा वाढल्या, माणसं वाढली, सामान वाढलं. मग कमी काय करायचं? इंधन. म्हणून ७८७-९ सुमारे १४ हजार किलोमीटर जातं, तर ७८७-१० ला पावणेबारा हजारांच्या आसपास थांबावं लागतं. जास्त माणसं नेणारं विमान जवळ जातं, कमी माणसं नेणारं लांब जातं. एका हातानं घेतलं की दुसऱ्या हातानं द्यावं लागतंच.

आणखी एक भानगड. विमान धावपट्टी सोडताना नाक वर उचलतं, तेव्हा शेपूट खाली जातं. विमान जितकं लांब, तितकं शेपूट जमिनीला घासायची भीती जास्त. ७८७-१० मध्ये यासाठी मुख्य चाकांची रचनाच बदलली. उड्डाणाच्या क्षणी विमान मागच्या चाकांच्या जोडीवर टेकून नाक उचलतं, त्यामुळं शेपटीखाली थोडी जास्त जागा मिळते. म्हणजे बदल केला धडात, आणि काम वाढलं चाकांचं.

दरवाज्यांचंही तसंच. नियम असा आहे की निम्मे दरवाजे बंद असले तरी ९० सेकंदांत सगळे प्रवासी बाहेर पडता आले पाहिजेत. सीटा वाढवायच्या तर दरवाजे वाढवा. बोईंगनं ७३७-९०० ईआर आणि पुढं मॅक्स-९ मध्ये मागच्या बाजूला जादा दरवाज्याची जागा ठेवली. ज्या कंपनीला इतक्या सीटा नको असतील, तिच्यासाठी तिथं दरवाज्याऐवजी बंद झाकण बसतं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या उडत्या मॅक्स-९ चं हेच झाकण निसटून पडलं. तपासात दिसलं की ते धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यातून निघतानाच बसवलेले नव्हते. नशीब चांगलं म्हणून कुणाचा जीव गेला नाही.

नागपूरची तुळई

जुन्या घराच्या माळ्याखाली जशी तुळई असते, तशा विमानात प्रवाशांच्या पायाखालच्या फरशीखाली आडव्या तुळया असतात. सगळ्या सीटा, माणसं, ट्रॉल्या यांचा भार त्या धडाच्या सांगाड्यापर्यंत नेतात. ७८७ मध्ये या तुळया धातूच्या नाहीत, कार्बन धाग्यांच्या कंपोझिटच्या आहेत. पोलादापेक्षा कितीतरी हलक्या, तरी दणकट.

आणि त्या बनतात कुठं? नागपूरला. मिहानमध्ये. टाटा समूहातल्या टीएएल मॅन्युफॅक्चरिंग सोल्युशन्स या कंपनीनं तिथं ७८७-९ साठी आणि पुढं ७८७-१० साठीही या तुळया बनवल्या. हा कारभार नंतर टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टिम्सकडं आला. म्हणजे अमेरिकेत एखादं विमान सहा मीटरनं लांब करायचं ठरतं आणि त्या जादा लांबीतला भार उचलणारा सांगाडा आपल्या विदर्भात आकार घेतो.

मिहानमध्येच एअर इंडियाच्या विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचं मोठं केंद्र आहे. एअर इंडियानं बोईंगची विमानं घेतली, त्या व्यवहाराचा भाग म्हणून बोईंगनं ते उभारून दिलं आणि २०१५ मध्ये ते सुरू झालं. वाशिम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग धरला की नागपूर आता काही लांब राहिलं नाही.

आखडणं: लहान विमानाला मोठं शेपूट

ताणता येतं, तसं आखडताही येतं. लांबी कमी करायची, कमी प्रवाशांच्या मार्गावर चालवायचं. सोपं वाटतं ना? इथं एक गंमत आहे. ए-३१८ हे ए-३२० च्या कुटुंबातलं सगळ्यात छोटं विमान. लांबी ३१.४ मीटर, म्हणजे ए-३२० पेक्षा सहा मीटर कमी. पण त्याचं उभं शेपूट मात्र भावंडांपेक्षा पाऊण मीटर उंच! असं का?

ट्रॅक्टरचा नट घट्ट बसला असेल तर काय करता? पान्याला पाईप लावता. दांडा लांब झाला की कमी जोरात काम होतं. विमानाचं शेपूट हा तसाच दांडा आहे. एक इंजिन बंद पडलं की चालू इंजिन विमानाला एका बाजूला वळवायला बघतं. तेव्हा शेपूट त्याला सरळ धरून ठेवतं. विमान आखूड केलं की दांडाही आखूड होतो. मग तेवढंच काम करायला शेपूट मोठं करावं लागतं. बोईंगनं ७४७ आखडून ७४७-एसपी काढलं, तेव्हाही शेपूट उंच करावं लागलं होतं.

आखडलेल्या विमानांचा दुसरा तोटा म्हणजे पंख, चाकं, सांगाडा हे सगळं मोठ्या विमानासाठी बनलेलं. तेवढं वजन कमी प्रवासी घेऊन ओढायचं. दर सीटमागं खर्च वाढतो. म्हणून ही विमानं फारशी खपली नाहीत. ए-३१८ फक्त ८० बनली, ७३७-६०० फक्त ६९ आणि ७४७-एसपी फक्त ४५. कागदावर ही विमानं छान दिसत होती. गिऱ्हाइकाच्या हिशोबात बसली नाहीत.

भारतासाठी खास चार चाकं

परदेशात बनलेल्या विमानात भारतासाठी वेगळा बदल झाला, असंही घडलंय. इंडियन एअरलाइन्सनं १९८९ पासून ए-३२० आणायला सुरुवात केली. तेव्हा आपल्या अनेक विमानतळांच्या धावपट्ट्या तेवढ्या मजबूत नव्हत्या. नेहमीच्या ए-३२० ला मुख्य चाकांच्या प्रत्येक पायाला दोन चाकं असतात. इंडियन एअरलाइन्सच्या त्या विमानांना प्रत्येक पायाला चार चाकं बसवून दिली.

कारण साधं आहे. ओल्या रानात ट्रॅक्टर घालायचा तर आपण रुंद किंवा जोड टायर लावतो. भार जास्त जागेवर पसरतो, चाक रुतत नाही. इथंही तेच. अर्थात जादा चाकं म्हणजे जादा वजन, जादा देखभाल. पण त्यामुळं कमकुवत धावपट्टीवरही हे विमान उतरवता आलं. तुमच्या गावाची जमीन कशी आहे, यावरून जगातल्या एका आधुनिक विमानाचे पाय बदलले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इंजिन बदललं आणि…

आता अवघड गोष्टीकडं येऊ.

बोईंग ७३७ मुळात जमिनीलगत बसणारं विमान. साठच्या दशकात ते लहान विमानतळांचा विचार करून आखलेलं होतं. जिथं सामान चढवायची यंत्रं नाहीत, उंच शिड्या नाहीत, तिथंही काम चालावं म्हणून बुटकं ठेवलेलं. त्या काळची इंजिनं बारीक आणि लांबट. पंखाखाली सहज बसायची.

पण इंजिन जितकं रुंद, तितकं ते इंधन कमी खातं, असा साधारण नियम आहे. ऐंशीच्या दशकात ७३७-३०० आलं, तेव्हा जाड इंजिन जमिनीला लागू नये म्हणून त्याचं आवरण खालून चपटं करावं लागलं. जुनं ७३७ समोरून बघा, इंजिनाचं तोंड खालून चेपल्यासारखं दिसतं, ते यामुळं.

डिसेंबर २०१० मध्ये एअरबसनं ए-३२० निओ जाहीर केलं. तेच विमान, नवी इंजिनं, इंधनात मोठी बचत. ए-३२० मुळातच उंच उभं असतं, त्यामुळं तिथं मोठं इंजिन बसवायला जागा होती. गिऱ्हाइकं तिकडं वळायला लागली. बोईंग नव्या विमानाचा विचार करत होतं. तो बाजूला ठेवून ऑगस्ट २०११ मध्ये कंपनीनं ७३७ मॅक्स जाहीर केलं. जुनाच सांगाडा, नवं इंजिन.

नव्या इंजिनाच्या पंख्याचा व्यास १७६ सेंटिमीटर, आधीच्यापेक्षा वीसेक सेंटिमीटर जास्त. बुटक्या विमानाखाली ते बसणार कसं? नाकाचं चाक सुमारे वीस सेंटिमीटर उंच केलं. इंजिन थोडं पुढं आणि थोडं वर सरकवलं. त्यानं वेगळाच प्रश्न उभा राहिला. नाक फार वर गेलं की इंजिनाचं मोठं आवरणही हवेत थोडी उचल द्यायला लागायचं आणि नाक आणखी वर जाऊ बघायचं. नाक हद्दीपलीकडं वर गेलं तर पंखाची हवेवरची पकड सुटते. त्याला स्टॉल म्हणतात.

यावर दोन रस्ते होते. विमानाचा आकार बदलायचा, नाहीतर सॉफ्टवेअर घालायचं. बोईंगनं सॉफ्टवेअर घातलं. नाव एमकॅस. नाक फार वर गेलंय असं वाटलं की ते आपोआप आडवं शेपूट हलवून नाक खाली करणार. पण ‘नाक वर गेलंय’ हे त्याला सांगणार कोण? हवेचा कोन मोजणारा सेन्सर. विमानावर असे दोन सेन्सर होते. एमकॅस एका वेळी एकाचंच ऐकायचं. शिवाय पायलटनं नाक सावरलं तरी ते पुन्हा पुन्हा खाली ढकलू शकायचं.

आणि या एमकॅसचा उल्लेख पायलटांच्या पुस्तिकेत नव्हता. मॅक्स उडवण्यासाठी जुन्या ७३७ च्या पायलटला सिम्युलेटरवर नव्यानं प्रशिक्षण लागू नये, हा विक्रीचा मोठा मुद्दा होता. एका बड्या अमेरिकी विमान कंपनीला तर बोईंगनं कबूल केलं होतं की असं प्रशिक्षण लागलंच तर दर विमानामागं १० लाख डॉलरची सूट देऊ.

२९ ऑक्टोबर २०१८. इंडोनेशियातलं लायन एअरचं मॅक्स उड्डाणानंतर तेरा-एक मिनिटांत समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली. कॅप्टन भारतीय होता. १० मार्च २०१९. इथिओपियन एअरलाइन्सचं मॅक्स अवघ्या सहा मिनिटांत जमिनीवर आदळलं. १५७ माणसं गेली. दोन्ही वेळा सेन्सरनं चुकीचा कोन सांगितला आणि एमकॅसनं तो खरा मानला. पायलट नाक वर ओढत होते, सॉफ्टवेअर खाली ढकलत होतं.

एकूण ३४६ जीव. जगभर मॅक्स जमिनीवर आलं. भारतातही मार्च २०१९ मध्ये त्यावर बंदी आली, ती ऑगस्ट २०२१ मध्ये उठली. आता एमकॅस दोन्ही सेन्सरचं मत बघतं. दोघांचं जुळलं नाही तर चालू होत नाही. चालू झालं तरी एकदाच ढकलतं. आणि पायलटला सिम्युलेटरवर बसावंच लागतं.

या सगळ्यात एक गोष्ट तुमच्या-माझ्यासारख्यांनी नीट वाचावी अशी आहे. अमेरिकी संसदेच्या चौकशीत बोईंगमधला २०१५ सालचा एक ईमेल समोर आला. कंपनीतल्याच एका इंजिनीअरनं त्यात विचारलं होतं की एकच सेन्सर बिघडला तर एमकॅसमुळं आपण अडचणीत येऊ का, की कुठं पडताळणी होते? पहिल्या अपघाताच्या तीन वर्षं आधीचा हा प्रश्न. म्हणजे हुशारी कमी पडली नव्हती. प्रश्न सुचला होता, कुणीतरी तो लिहूनही काढला होता. विमान बाजारात आलं तेव्हा एमकॅस मात्र एका वेळी एकाच सेन्सरचं ऐकत होतं.

अडवणारा माणूसही हवा

व्हेरियंट काढणं म्हणजेच धोका, असा याचा अर्थ नाही. ए-३२१ एक्सएलआरची गोष्ट बघा. ए-३२१ मध्ये मागच्या बाजूला, धडाच्या आकारातच बसेल अशी १२,९०० लिटरची जादा इंधनटाकी बसवली. पल्ला ८,७०० किलोमीटरवर गेला. लहान, एका बोळाचं विमान खंड ओलांडायला लागलं. इंडिगोनंही त्याची मागणी नोंदवलीय.

पण टाकी प्रवाशांच्या पायाखाली येत होती. युरोपच्या नियामकानं विचारलं, विमान पोटावर घसरलं, बाहेर आग लागली तर वरच्या प्रवाशांचं काय? खास अटी घातल्या गेल्या. एअरबसला रचनेत बदल करावे लागले, वजन वाढलं, वेळ गेला. २०२३ मध्ये येणारं विमान प्रवासी घेऊन निघालं नोव्हेंबर २०२४ मध्ये. कंपनीचं वेळापत्रक बिघडलं असेल, पण प्रश्न विमान उडण्याआधी सुटला. खरं तर अशी दिरंगाई बघून आपल्याला बरंच वाटलं पाहिजे.

कधी अडथळा विमानतळाचाच असतो. बोईंगच्या नव्या ७७७-एक्सचे पंख उघडले की पावणेबहात्तर मीटर होतात. पण जुनं ७७७ जिथं उभं राहतं त्या जागेची मर्यादा ६५ मीटर. मग काय केलं? पंखांची टोकं जमिनीवर घडी करता येतील अशी बनवली. घडी केली की ६४.८५ मीटर. पंधरा सेंटिमीटरनं विमान आत बसलं! लग्नाच्या मांडवात खाटा उभ्या करून जागा करतात, त्यातलाच प्रकार.

मग आपण कुठं?

‘हे सगळं अमेरिका-युरोपचं झालं, रिठदचा पोरगा यात काय करणार?’ असं वाटत असेल तर थांबा. व्हेरियंटचं काम हजारो लहान तुकड्यांत वाटलेलं असतं. एखादी तुळई किती जाड हवी, एखादी वायर कुठून न्यायची, एखादं सॉफ्टवेअर चुकीच्या आकड्यावर कसं वागतं, असे ते तुकडे. ही कामं भारतात होतात. बोईंग आणि एअरबस दोघांचीही मोठी इंजिनीअरिंग केंद्रं बंगळुरूत आहेत. विमानाचे भाग संगणकावर ज्या कॅटिया सॉफ्टवेअरमध्ये आखतात, ते बनवणाऱ्या डसॉ सिस्टिम्सचं मोठं केंद्र पुण्यात आहे. आणि डीआरडीओ एअर इंडियाकडची सहा जुनी ए-३२१ घेऊन त्यांचं हवेतून टेहळणी करणाऱ्या लष्करी विमानांत रूपांतर करतंय. प्रवासी विमानाचं भारतीय हातांनी घडणारं हे वेगळंच व्हेरियंट.

यासाठी सगळ्यांनी एरोस्पेसच करायला हवं असं नाही. आयआयटी मुंबईत एरोस्पेस आहेच, पण या कामात मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, मटेरियलवालेही लागतात. बारावी विज्ञाननंतर विमान देखभालीचं, म्हणजे एएमईचं प्रशिक्षण घेता येतं. मात्र ती संस्था डीजीसीएची मान्यता असलेली आहे का, हे फी भरायच्या आधी डीजीसीएच्या यादीत स्वतः तपासा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’च्या फ्लेक्सवर भरवसा ठेवू नका.

आणि सवय आत्तापासून लावता येते. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात कुणीतरी ट्रॉली दोन फूट लांब करून घेत असेल, तर तिथं उभं राहून विचार करा:

• वजन वाढलं, तर एक्सल आणि टायर ते झेपतील का?
• वजनाचा मध्य मागं गेला, तर ट्रॅक्टरचं पुढचं चाक उचलेल का?
• ब्रेक तेवढेच आहेत, मग उतारावर थांबायला किती जागा लागेल?
• वळणावर मागचा भाग किती बाहेर येईल?
• बदल कागदावर नोंदवायला लागतो का, आणि चालवणाऱ्याला तो सांगितला का?

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे, आणि मॅक्सच्या वेळी तोच राहून गेला होता. विमानाचे पंख असोत की ट्रॉलीचा साटा, एक गोष्ट बदलली की आणखी काय काय बदलतं, हे शोधून काढणं हेच या कामातलं खरं डिझाइन. आणि शोधून काढलेलं कुणी ऐकेपर्यंत मागं लागणं, हा त्याच कामाचा अर्धा भाग.